तीन लाइफ

उर्दू माध्यमाच्या शिक्षिकेला कोणता छंद शोभतो, याबद्दल आपल्या समाजाची मते ठरलेली आहेत. तिने शेरोशायरी ऐकावी, भरतकाम करावे, रमजानमध्ये नवे पदार्थ करून पाहावेत. पालकसभेत कोणी विचारलेच तर आम्हीही 'मुताला', म्हणजे वाचन, असे भारदस्त उत्तर देतो. ते खोटे नाही. नारायण धारपांच्या भयकथा आम्ही बी.एड.च्या परीक्षेच्या आदल्या रात्रीही वाचल्या आहेत. परंतु वीस-बावीस वर्षे टिकून राहिलेला आमचा खरा छंद निराळा आहे. तो म्हणजे 'कॉन्ट्रा' नावाचा व्हिडिओ गेम. (वाचकहो, वर्गात दिवसभर 'हम' म्हणण्याची जिभेला लागलेली सवय मराठीत लिहितानाही सुटत नाही. तेव्हा हे 'आम्ही' मोठेपणाचे समजू नये.)

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. जपानच्या कोनामी कंपनीने तो १९८७ साली नाणे टाकून खेळायच्या यंत्रावर आणला आणि १९८८ मध्ये घरच्या टीव्हीला जोडायच्या यंत्रावर. पडद्यावर एक सैनिक असतो. तो डावीकडून उजवीकडे धावतो आणि त्याच्याबरोबर सारे दृश्य सरकत जाते. जपानी कथेप्रमाणे साल आहे २६३३. न्यूझीलंडजवळच्या एका बेटसमूहावर परग्रहाशी संबंध असलेल्या शत्रूने तळ ठोकला आहे आणि दोन सैनिकांनी तो उद्ध्वस्त करायचा आहे. अमेरिकेत विकताना हीच कथा दक्षिण अमेरिकेच्या जंगलात नेऊन ठेवली गेली. तळोज्यात मात्र कथेचा कागद कधी पोहोचलाच नाही. आम्हाला एवढेच ठाऊक होते की उजवीकडे जायचे आणि मरायचे नाही.

आमच्या घरी तो २००१ च्या सुमारास आला. अब्बा मुंबईला काही कामासाठी गेले होते, ते येताना मनीष मार्केटमधून यंत्र घेऊन आले. निन्टेन्डो कंपनीच्या १९८३ च्या 'फॅमिकॉम' यंत्राच्या नकला तेव्हा आपल्याकडे 'सामुराई', 'लिटल मास्टर' अशा नावांनी घरोघरी पोहोचल्या होत्या. आमचे यंत्र त्याच घराण्यातले, पण बिननावाचे. सोबत एक पिवळी कॅसेट होती. तिच्यावर ९९९९ खेळ असल्याचे छापले होते. प्रत्यक्षात तेच तीस-चाळीस खेळ नावे बदलून पुन्हापुन्हा येत. कॅसेट चालेनाशी झाली की काढून फुंकर मारायची आणि पुन्हा बसवायची. त्या फुंकरीत शास्त्र किती होते हे सांगता येणार नाही, पण आमच्या घरात तिचा दर्जा दमदुव्याच्या खालोखाल होता.

तळोजा तेव्हा आजच्यासारखे नव्हते. गावाच्या एका अंगाला भातशेती, दुसऱ्या अंगाला एमआयडीसीच्या चिमण्या आणि मधून दिवा-पनवेल रेल्वेचा रूळ. आज फेज एक, फेज दोन अशा टोलेजंग इमारती उभ्या आहेत, २०१६ पासून आपण पनवेल महानगरपालिकेत आहोत, आणि २०२३ च्या नोव्हेंबरपासून बेलापूरची मेट्रो पेंधरपर्यंत येते. त्या काळी मात्र संध्याकाळी करण्यासारखे फारसे काही नव्हते, आणि जे होते त्यातही भारनियमन आडवे येई. या खेळात मिळवलेले काही साठवून ठेवण्याची सोय नव्हती. सातव्या स्टेजपर्यंत पोहोचलो आणि लाइट गेली की पुन्हा पहिल्या जंगलापासून सुरुवात. अम्मी आतून म्हणे, ''चलो, अल्लानेच बंद किया. अब बर्तन धो लो.''

खेळ अवघड होता आणि तो अवघड होता म्हणूनच आवडला. सुरुवातीला तीन जीव मिळतात. मुले त्याला 'लाइफ' म्हणतात. आम्हीही तेच म्हणायचो. एक गोळी लागली की एक लाइफ गेली. शत्रूचा नुसता धक्का लागला तरी गेली. जाताना हातातली चांगली बंदूकही घेऊन जाते. 'एस' अक्षराची एक बंदूक मिळते, तिच्यातून पंख्याच्या पात्यांसारख्या पाच गोळ्या एकदम पसरतात. ती गेली की जीव गेल्यापेक्षा अधिक दुःख होई. पहिल्याच स्टेजमध्ये एक पूल आहे. त्यावर पाय ठेवला की तो मागून-पुढून फुटत जातो. पहिल्यांदा आपण त्याच्याबरोबर उडतो. दुसऱ्यांदा पळतो. तिसऱ्यांदा पळता पळता समोरच्या तोफेवर गोळ्याही झाडतो. त्याच जागी तीन वेळा आल्यावर तोच पूल ओळखीचा होतो.

बी.एड.च्या मानसशास्त्राच्या पुस्तकात थॉर्नडाइक यांचा प्रयोग आला तेव्हा आम्हाला हसू आले. १८९८ साली त्यांनी उपाशी मांजर पेटीत कोंडले, बाहेर खाणे ठेवले. मांजर ओरबाडते, धडका मारते, आणि कधीतरी योगायोगाने कळ दाबली जाऊन दार उघडते. पुन्हा कोंडले की दार थोडे लवकर उघडते. याला प्रयत्न-प्रमाद पद्धती म्हणतात. वर्गातल्या इतर मुली ती व्याख्या पाठ करीत होत्या. आम्ही मात्र ते मांजर होऊन चुकलो होतो. सहाव्या स्टेजमध्ये छतातून आगीचे फवारे सुटतात. त्यांचा ताल असतो. एक-दो-तीन, पळ. एक-दो-तीन, थांब. सातव्या स्टेजमध्ये वरून काटेरी पंजे खाली येतात, त्यांचाही ताल असतो. तो ताल कोणी शिकवत नाही. मरणच शिकवते, आणि ते फुकट शिकवत नाही.

आमच्या उर्दूत या प्रकाराची पूर्वपरंपरा आहे, ती म्हणजे तिलिस्म. लखनौच्या नवल किशोर प्रेसने १८८३ पासून 'तिलिस्म-ए-होशरुबा'चे जाडजूड खंड छापले. त्यातली मायानगरी तलवारीच्या जोरावर जिंकता येत नाही. प्रत्येक तिलिस्म मोडण्याची एक किल्ली असते आणि ती सापडेपर्यंत मोठमोठे पहिलवानही हतबल होतात. 'कॉन्ट्रा'च्या प्रत्येक स्टेजच्या शेवटी जो 'बॉस' उभा असतो त्याचेही असेच एखादे मर्मस्थान असते. कुठे भिंतीतला लुकलुकणारा लाल दिवा, कुठे उघडझाप करणारे तोंड. इतरत्र हजार गोळ्या झाडल्या तरी व्यर्थ. जपानी कारागिरांनी आमच्या दास्ताना वाचल्या असतील असे नव्हे. पण भुलभुलय्यात सापडलेल्या माणसाला किल्ली शोधण्यात जो आनंद होतो तो लखनौत आणि जपानात सारखाच असावा.

आणि मग भीती. सात स्टेजपर्यंत हा युद्धाचा खेळ वाटतो. जंगल, तळ, धबधबा, बर्फ, कारखाना. आठव्या स्टेजला लोखंड संपते आणि मांस सुरू होते. जमीन, छत, भिंती सगळे एका प्रचंड प्राण्याच्या पोटासारखे. अंडी फुटतात, त्यातून कोळ्यासारखे जीव अंगावर धावतात, आणि शेवटी एक धडधडणारे काळीज. रिडली स्कॉट यांचा 'एलियन' हा चित्रपट १९७९ चा. स्वित्झर्लंडचे चित्रकार एच. आर. गिगर यांनी त्यासाठी जे विद्रूप प्राणी रेखाटले, त्यांची सावली या खेळावर स्पष्ट दिसते. आम्हाला तेव्हा गिगर ठाऊक नव्हते. त्या काळजाचा ठोका मात्र टीव्ही बंद केल्यावरही कानात राहत असे.

ही भीती केवळ काल्पनिक आहे असे तळोज्याच्या माणसाने म्हणू नये. २०१७ च्या ऑगस्टमध्ये आपल्या एमआयडीसीत निळी कुत्री फिरू लागली. कासाडी नदीत सोडलेल्या सांडपाण्यातला रंग त्यांच्या अंगावर चढला होता. त्यांची छायाचित्रे जगभर गेली, प्रदूषण नियंत्रण मंडळाने एका कारखान्यावर कारवाई केली, तेव्हा कोठे अनेकांना तळोजा हे नाव प्रथम कळले. वर्गातल्या एका मुलाने आम्हाला विचारले, ''मिस, ये एलियन का कुत्ता है क्या?'' आम्ही त्या दिवशी धडा बाजूला ठेवून रंगद्रव्य म्हणजे काय, पाण्यात ते कसे विरघळते, हे शिकवले. मुले शांतपणे ऐकत होती. भीतीचे कारण कळले की भीती जात नाही, पण तिच्याकडे पाहता येते. चांगली विज्ञानकथा हेच करते आणि हा खेळही थोड्याफार प्रमाणात तेच करीत होता.

येथवर जे सांगितले ते एकट्याने खेळण्याबद्दल. खरा 'कॉन्ट्रा' दोघांचा आहे. निळी विजार पहिल्या खेळाडूची, लाल विजार दुसऱ्याची. निळा आमचा भाई, आमच्याहून दोन वर्षांनी मोठा, लाल आम्ही. तिसरी स्टेज धबधब्याची आहे. तिथे उजवीकडे नव्हे, वर चढायचे असते. दगडाच्या पायऱ्यांवरून उड्या मारीत वर जायचे, वरून शिळा गडगडत येतात, काही पायऱ्या सरकतात. यात एक विलक्षण क्रूर नियम आहे. जो पुढे चढेल त्याच्याबरोबर पडदा वर सरकतो. मागे राहिलेला पडद्याच्या खालच्या कडेबाहेर गेला की मरतो. त्याला गोळी लागलेली नसते, शत्रू जवळही नसतो, त्याची काही चूकही नसते. सोबती पुढे गेला एवढेच कारण.

आरंभी भाई झपाट्याने चढे आणि आम्ही खाली ओरडत असू, ''रुक ना, मैं नीचे हूँ!'' आमच्या तीनही लाइफ धबधब्यात जात आणि पुढच्या पाच स्टेज आम्ही नुसते पाहत बसू. मग भाई थांबू लागला. वाचकांना वाटेल, थांबण्यात काय मोठे? पण या खेळात थांबणे ही सर्वांत कठीण गोष्ट आहे. चालणाऱ्याला गोळी चुकवता येते. थांबणाऱ्याला एका पायरीवर उभे राहून वरून येणाऱ्या शिळा आणि समोरून येणाऱ्या गोळ्या, दोन्ही सांभाळाव्या लागतात, आणि तेही स्वतःच्या फायद्यासाठी नाही. सब्र या शब्दाचा अर्थ आम्ही शाळेत कित्येकदा सांगितला असेल, पण तो कळला धबधब्याच्या स्टेजवर.

२००४ साली भाई दहावीला बसला आणि गणितात राहिला. त्या काळी नापासांची परीक्षा ऑक्टोबरमध्ये होई. निकाल जूनमध्ये, परीक्षा ऑक्टोबरमध्ये आणि कॉलेजचे वर्ष तर गेलेलेच. या मधल्या महिन्यांत गरीब घरात काय घडते ते सांगायला नको. अब्बांची तब्येत बिघडली होती. भाई कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका गोदामात कामाला लागला, 'ऑक्टोबरपर्यंत' म्हणून. ऑक्टोबर आला आणि गेला. फॉर्म भरायच्या दिवशी त्याची पाळी होती.

२००६ साली आम्ही दहावी झालो. पुढे पनवेलला कॉलेज. उर्दूत ज्याला 'मुसल्लस' म्हणत होतो तो 'ट्रँगल' झाला, 'जाविया'चा 'अँगल' झाला, आणि पहिले सहा महिने वहीच्या डाव्या बाजूला आम्ही नुसते शब्दच लिहीत होतो. फी भाईच्या पगारातून जाई. मग पदवी, मग बी.एड. आम्ही एकेक पायरी चढत होतो आणि पडदा वर सरकत होता. भाईला कोणी गोळी घातली नाही. त्याच्याशी कोणी वैर केले नाही. पडदा फक्त वर सरकला. आज उर्दू माध्यमातून बाहेर पडणाऱ्या मुलांची गळती, टक्केवारी, अहवाल यांवर आम्ही भाषणे ऐकतो तेव्हा आम्हाला हाच नियम आठवतो. मागे राहिलेल्या माणसाला शत्रूच मारतो असे नाही. कधीकधी नुसत्या दुसऱ्यांच्या प्रगतीनेही तो पडद्याबाहेर जातो.

आता त्या तीस लाइफची गोष्ट. मुंब्र्याहून आलेल्या मावसभावाने एकदा भाईच्या कानात एक मंत्र सांगितला. खेळ सुरू होण्यापूर्वी वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, बी, ए, स्टार्ट. एवढे दाबले की तीनाऐवजी तीस लाइफ मिळतात. त्या दिवशी आम्ही दोघांनी आठव्या स्टेजचे ते काळीज प्रथमच फोडले. बेट उडाले, हेलिकॉप्टर निघून गेले. आम्ही हा मंत्र बरीच वर्षे लबाडी समजत होतो. नंतर त्याचा इतिहास वाचनात आला. कोनामीचे काजुहिसा हाशिमोटो १९८६ साली 'ग्रेडियस' हा दुसरा एक खेळ घरगुती यंत्रासाठी तयार करीत होते. तपासणीसाठी तो शेवटपर्यंत खेळायचा, तर तो त्यांना स्वतःलाच फार अवघड जाऊ लागला. म्हणून त्यांनी आपल्यापुरती ही कळांची साखळी घातली आणि ती खेळात तशीच राहिली. पुढे 'कॉन्ट्रा'तही तीच आली. हाशिमोटो २०२० साली वारले. जगभरच्या मुलांनी त्यांची आठवण त्या साखळीनेच काढली.

यातील अर्थ आम्हाला मोठा वाटतो. ज्याने खेळ घडवला त्यालाही जादा संधी लागली. आणि तीस लाइफमुळे खेळ सोपा होत नाही. शिळा तितक्याच जड असतात, पंजे तितक्याच वेगाने येतात. फक्त शिकायला वेळ मिळतो. तीस घेऊन आम्ही आठही स्टेज पाहिल्या, त्यांचे ताल ओळखले, आणि मग एका उन्हाळ्याच्या सुट्टीत तीन लाइफवरच शेवट गाठला. तो आनंद तीसच्या आनंदाहून निराळा होता. पण तीस मिळाल्या नसत्या तर तीनवाला दिवस उगवलाच नसता.

आयुष्यात काही मुले तीस लाइफ घेऊनच जन्माला येतात. एका क्लासात जमले नाही तर दुसरा क्लास, एक वर्ष गेले तर दुसरे वर्ष, देशात नाही तर परदेशात. आमच्या वर्गातल्या मुलांकडे तीनसुद्धा नसतात. मुलगा एकदा नापास झाला की गोदाम, मुलगी एकदा नापास झाली की स्थळ. या मुलांसाठी पेपर सोपा करा असे आम्ही कधीच म्हणणार नाही. अवघडपणा त्यांचाही हक्क आहे. मागणी एवढीच की त्यांना पुन्हा त्याच पुलावर येऊ द्यावे.

या बाबतीत काही चांगले घडलेही आहे. २०१५ पासून दहावीच्या नापासांची फेरपरीक्षा ऑक्टोबरऐवजी निकालानंतर लगेच होऊ लागली, त्यामुळे वर्ष वाचते. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीत जाता येते. भाईच्या वेळी ही सोय असती तर, असा विचार आम्ही फार वेळ करीत नाही. निकालाच्या आठवड्यात मात्र आम्ही घरात बसत नाही. राहिलेल्या प्रत्येक मुलाच्या घरी जातो आणि फॉर्मची तारीख सांगतो. दोन वर्षांपूर्वी एक मुलगी गणितात दुसऱ्यांदा राहिली. तिचे अब्बा म्हणाले, ''मिस, कितनी बार बैठेगी?'' आम्ही काही बोलण्याआधी ती पोरगीच दाराआडून म्हणाली, ''अब्बा, तीन बार तो गेम में भी मिलता है.'' अब्बा हसले. फॉर्म भरला गेला. तिला एकोणचाळीस गुण पडले. सध्या ती पनवेलला कॉमर्स करते.

व्हिडिओ गेमची ही तरफदारी काहींना रुचणार नाही हे आम्ही जाणतो. आपल्याकडे वडीलधारी माणसे अशा सगळ्या गोष्टी लहव-ओ-लइब या एकाच कप्प्यात टाकतात. त्यांची काळजी निराधार नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांनी घरे बसवली, म्हणूनच २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेला त्यांवर बंदीचा कायदा करावा लागला. पण खेळाखेळात फरक आहे. जो खेळ मुलाला हरवून त्याच्या खिशात हात घालतो तो वेगळा. जो हरवतो आणि म्हणतो, 'पुन्हा ये, पूल जागच्या जागीच आहे', तो वेगळा. पहिल्याला आम्ही वर्गात नावानिशी वाईट म्हणतो. दुसऱ्याला वाईट म्हणवत नाही.

भाईचा मुलगा आता नववीत आहे. कोनामीने २०१९ मध्ये जुने 'कॉन्ट्रा' खेळ एकत्र करून पुन्हा बाजारात आणले, ते त्याने संगणकावर घेतले. त्यात हवे तेथे खेळ जपून ठेवता येतो; लाइट गेली तरी जंगलापासून सुरुवात करावी लागत नाही. २०२४ च्या 'ऑपरेशन गलुगा' या नव्या अवतारात तर एका गोळीत मरायचे की थोडी ताकद राखून खेळायचे, हे खेळणाऱ्यानेच ठरवायचे असते. पोरगा हुशार आहे, बोटे चपळ आहेत. रविवारी दुपारी तो निळा होतो आणि आम्ही अजूनही लालच. धबधब्यावर तो सरसर चढतो. चष्मा लागल्यापासून आम्हाला शिळा उशिरा दिसतात. पलंगावर आडवा झालेला भाई वर्तमानपत्रातून मान वर न करताच म्हणतो, ''रुक, फूफी नीचे है.''

पोरगा थांबतो. गोळ्या चुकवत एका पायरीवर उभा राहतो. त्याला अजून त्याचा कंटाळा येतो, ते चेहऱ्यावर दिसतेही. येऊ दे. गणित, विज्ञान, इंग्रजी हे सारे शाळा शिकवील. चढता चढता थांबणे मात्र शिकवायला पाठ्यपुस्तक नाही. ते ज्याने त्याने कुठेतरी, कोणासाठीतरी शिकायचे असते. आमच्या घरात ते एका पिवळ्या कॅसेटने शिकवले, याची आम्हाला लाज वाटत नाही.